सोळाव्या वर्षीची कैफियत

१९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील ही हकिगत आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याच्या टल्सा या शहरात एक शाळकरी मुलगा चित्रपट पाहून पायी घरी परतत असता एका मोटारीतून उतरलेल्या मुलांनी त्याला वाटेत गाठले आणि मागचे कसलेही वैर नसताना, केवळ तो कोणत्या थरातला हे त्याच्या पेहरावावरून आणि केसांवरून ओळखून, त्याला बेदम मारले. अशा मारहाणीची नोंद सरकारी दप्तरात सहसा होत नाही. मार खाणारा मुकाट्याने घर गाठतो, घरचे जखमा पुसतात, आणि दोन-चार दिवसांत सूज उतरली की प्रकरण मिटले असे सर्वजण धरून चालतात. हे प्रकरण मात्र मिटले नाही, कारण त्या मुलाची एक मैत्रीण संतापाने घरी गेली आणि झाल्या प्रकाराविषयी लिहू लागली. तिचे नाव सुझन एलोइज हिंटन, वय पंधरा. तिने लिहायला घेतलेली ती कथा न्यूयॉर्कच्या व्हायकिंग प्रेस या प्रकाशनसंस्थेने २४ एप्रिल १९६७ रोजी ‘द आउटसायडर्स’ या नावाने प्रसिद्ध केली, तेव्हा ती अठरा वर्षांची होऊन टल्सा विद्यापीठात पहिल्या वर्षाचा अभ्यास करीत होती.

या कादंबरीचा विचार बहुधा किशोरसाहित्याच्या अंगाने केला जातो, आणि तो यथायोग्यच आहे. पण मला ती इतिहासाचे साधन म्हणून अधिक मोलाची वाटते. आपल्याकडच्या जुन्या दप्तरांत जिला कैफियत म्हणत, म्हणजे ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याने आपल्या तोंडाने सांगितलेली आणि म्हणूनच पक्षपाती, पण त्याच्यावाचून दुसऱ्या कोणालाही सांगता न येणारी हकिगत, त्या जातीचे हे लेखन आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील पौगंडावस्थेतल्या मुलांविषयी न्यायाधीश बोलत होते, मानसशास्त्रज्ञ बोलत होते, धर्मोपदेशक आणि सिनेटची चौकशी समिती बोलत होती. बोलत नव्हती ती फक्त मुले. या एका पुस्तकाने ती उणीव कशी भरून काढली, आणि त्या पुस्तकाला पुढे दर वळणावर मुलांनीच कसा हात दिला, ते सांगण्यासारखे आहे.

त्यासाठी प्रथम टल्सा शहराची जडणघडण पाहिली पाहिजे. आर्कान्सा नदीच्या वळणावर क्रीक लोकांच्या लोचापोका शाखेची माणसे १८३६ च्या सुमारास येऊन वसली ती काही स्वखुशीने नव्हे. अलाबामातील पिढीजात भूमीवरून सरकारी हुकमाने हुसकावलेल्या त्या लोकांनी मूळ गावच्या विस्तवाची राख जपून आणली आणि एका ओक वृक्षाखाली तीवर नवा अग्नी पेटवला, अशी त्यांची परंपरा सांगते. तो वृक्ष आजही तेथे दाखवतात. १८८२ मध्ये फ्रिस्को कंपनीची रेल्वे आली आणि रुळांना समांतर अशी नव्या गावाची आखणी झाली. शहराच्या मध्यभागातील रस्ते त्यामुळे दिशांना धरून न जाता आजही तिरके गेलेले आहेत. १९०१ मध्ये नदीपलीकडे रेड फोर्क येथे तेल लागले. १९०५ च्या नोव्हेंबरात दक्षिणेला ग्लेन पूलचा प्रचंड साठा सापडला. आणि १९०७ मध्ये ओक्लाहोमाला राज्याचा दर्जा मिळेपर्यंत या आडगावात पेढ्या, हॉटेले आणि तेल कंपन्यांच्या कचेऱ्या उभ्या राहू लागल्या होत्या. पुढच्या दोन दशकांत हे शहर स्वतःला जगाची तैलराजधानी म्हणवून घेऊ लागले. वेट फिलिप्स या तेलाच्या धन्याने १९२७ मध्ये शहराच्या दक्षिण भागात ‘फिलब्रुक’ नावाचा, इटलीतील सरदारांच्या वाड्यांच्या धर्तीचा बहात्तर दालनांचा प्रासाद बांधला आणि १९३८ मध्ये तो कलासंग्रहालयासाठी शहराला देऊनही टाकला.

तेलाचे एक वैशिष्ट्य असे, की ते ज्याच्या जमिनीखाली निघते त्याला एका रात्रीत श्रीमंत करते, आणि जो ते उपसतो, वाहतो, शुद्ध करतो त्याला आठवड्याच्या मजुरीवर ठेवते. नदीच्या पश्चिम काठावर तेलशुद्धीचे कारखाने होते. १९४६ पासून अमेरिकन एअरलाइन्सचा विमानदुरुस्तीचा मोठा तळही टल्सात आला. त्यांत राबणारी कुटुंबे एकीकडे आणि कंपन्यांचे अधिकारी, वकील, भूगर्भशास्त्रज्ञ व दलाल यांची कुटुंबे दुसरीकडे, असे हे शहर वाढत गेले. १९५० मध्ये त्याची लोकसंख्या १,८२,७४० होती, ती १९६० मध्ये २,६१,६८५ झाली. दहा वर्षांत पाऊण लाखाहून अधिक माणसे वाढली की नव्या वस्त्या होतात, आणि नव्या वस्त्यांतून कोण कोठे राहतो यावरून माणसाची पारख करण्याची सवय जडते.

हिंटन ज्या शाळेत शिकली त्या विल रॉजर्स हायस्कुलात या दोन्ही प्रकारच्या घरांतील मुले एकत्र येत. ही शाळा १९३९ मध्ये, मंदीच्या काळातील सरकारी लोककर्म योजनेच्या पैशातून उभी राहिली. आर्ट डेको शैलीतील तिची देखणी इमारत पाहून राजवाड्याची आठवण व्हावी. नाव मात्र चेरोकी वंशाच्या, गुराख्याचे दोर फेकीत रंगभूमीवर आलेल्या आणि १९३५ मध्ये अलास्कातील विमान अपघातात मरण पावलेल्या लोकप्रिय विनोदकाराचे. सर्वांसाठी समान शिक्षण हे त्या इमारतीमागचे तत्त्व होते. परंतु एका छपराखाली बसवल्याने मुले एक होत नाहीत. उलट रोज जवळून पाहायला मिळाल्याने दुसऱ्याच्या पायांतील जोडे, जेवणाच्या सुट्टीत त्याच्या खिशातून निघणारे पैसे, शाळा सुटल्यावर त्याला न्यायला येणारी मोटार किंवा न येणारी मोटार, हे सर्व अधिक ठळक दिसते. श्रीमंत मुलांना ‘सोश’ म्हणत. ‘सोशल’ या शब्दाचे ते संक्षिप्त रूप होते. आणि केसांना चोपडलेल्या तेलाच्या ओंगणावरून गरीब वस्तीतील मुलांना ‘ग्रीझर’ हे नाव पडले होते. दोन्ही नावे हिणवणुकीची. पण ग्रीझरांनी आपले नाव अंगावर मिरवायला सुरुवात केली होती. ज्याच्याजवळ मिरवायला दुसरे काही नसते तो केस मिरवतो. कादंबरीतील दोन मुले परागंदा होतात तेव्हा ओळख लपवण्यासाठी त्यांना आपले केस कापावे लागतात, आणि त्या प्रसंगी त्यांना होणारे दुःख वाचताना ते कोणालाही क्षुल्लक वाटत नाही.

कादंबरीत शहराचे नाव कोठेही येत नाही. वस्त्यांची विभागणीही हिंटनने पूर्व आणि पश्चिम अशी केली आहे. खऱ्या टल्सात ती मुख्यतः उत्तर आणि दक्षिण अशी होती. परंतु नाव लपवले तरी माती लपत नाही. नायक पोनीबॉय याचा मधला भाऊ सोडापॉप आणि त्याचा मित्र स्टीव्ह ज्या पेट्रोलपंपावर काम करतात तो ‘डी-एक्स’ कंपनीचा आहे. ही कंपनी अस्सल टल्साची, तिचा कारखाना आर्कान्सा नदीच्या काठी. म्हणजे शहराच्या एका टोकाला ज्या तेलाने प्रासाद उभे केले तेच तेल दुसऱ्या टोकाला सोळा वर्षांचा शाळा सोडलेला मुलगा पगारापुरते लोकांच्या मोटारींत भरीत उभा आहे. त्याचा थोरला भाऊ डॅरी विसाव्या वर्षी घरांच्या छपरांवर कौलवजा पत्रे चढवतो आहे, कारण आईबाप मोटार अपघातात गेल्यावर धाकट्यांना सांभाळायचे तर कॉलेजची आशा सोडणे त्याला भाग पडले. हिंटनने हे अर्थशास्त्र म्हणून लिहिले नाही. जे रोज दिसत होते ते लिहिले, आणि म्हणूनच ते पुराव्यादाखल टिकते.

सोशांच्या बाजूला दोन वस्तू पुन्हा पुन्हा दिसतात. एक निळी मस्टँग मोटार, जी पाहताच जॉनी हा दुबळा मुलगा भीतीने थिजतो. फोर्ड कंपनीने ही मोटार १७ एप्रिल १९६४ रोजी बाजारात आणली, मूळ किंमत २,३६८ डॉलर; तरुणांना परवडावी अशा बेताने आखलेली, पण तरुण म्हणजे ज्यांचे वडील हप्ते भरू शकतात ते. आणि दुसरी वस्तू म्हणजे मद्रास कापडाचा चौकटीचा सदरा. येथे मी थोडा थांबणार आहे, कारण टल्साच्या रस्त्यावरील या भांडणात आपल्या देशाचा एक धागा अक्षरशः गुंतलेला आहे.

मद्रास प्रांतात हातमागावर विणलेले, वनस्पतिज रंगांत बुडवलेले सुती चौकट कापड शतकानुशतके परदेशी जात होते. १९५८ च्या सुमारास विल्यम जेकबसन नावाचा अमेरिकन आयातदार हे कापड घेण्यासाठी आला आणि त्याने कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर यांच्याकडून, म्हणजे पुढे मुंबईत लीला हॉटेलांचा व्यवसाय उभारणाऱ्या त्याच गृहस्थांकडून, दहा हजार वार माल खरेदी केला, अशी हकिगत सांगितली जाते. कापड थंड पाण्यात हलक्या हाताने धुवावे, रंग जातो, ही ताकीद गिऱ्हाइकापर्यंत पोहोचलीच नाही. ब्रूक्स ब्रदर्स या न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित दुकानाने त्याचे कपडे शिवून विकले, धुण्याच्या यंत्रांत रंग विरघळले, तक्रारी आल्या, आणि प्रकरण कज्ज्यापर्यंत जाते की काय अशी वेळ आली. तेव्हा जाहिरातदारांनी तो दोषच गुण करून टाकला. रंग सुटणे हीच अस्सलपणाची खूण, प्रत्येक धुण्यागणिक नवा सदरा, असा डांगोरा पिटला गेला, आणि पाहता पाहता हे कापड श्रीमंत अमेरिकन तरुणांची वर्दी बनले. केरळात आणि तामिळ मुलखात ज्या मागवाल्याच्या हातून ते निघाले त्याच्या मजुरीशी सोशाच्या सदऱ्याच्या किमतीचा ताळा कोणी घातला असेल असे वाटत नाही. कादंबरीत मार देणाऱ्याचे नाव नायकाला आठवत नाही, पण त्याच्या अंगावरच्या मद्रास सदऱ्याचा निळा रंग आठवतो. भयभीत माणसाची स्मृती अशीच काम करते. चेहरा निसटतो आणि कापड राहते.

एका गोष्टीविषयी मात्र ही कैफियत मौन पाळते, आणि त्या मौनाची नोंद घेतल्यावाचून पुढे जाणे इतिहासलेखकाला शोभणार नाही. ग्रीझर आणि सोश हे दोन्ही पक्ष गोरे आहेत. फ्रिस्को रेल्वेच्या रुळांच्या उत्तरेला ग्रीनवुड नावाची कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती होती. ३१ मे व १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने तिची जाळपोळ करून सुमारे पस्तीस चौक बेचिराख केले. मृतांची त्या वेळची सरकारी गणती छत्तीस-सदतीस होती. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाने ती १०० ते ३०० च्या दरम्यान असावी असे म्हटले. या संहाराविषयी टल्साच्या शाळांत अनेक दशके अवाक्षर शिकवले गेले नाही. १९६० च्या दशकातही गोरी आणि काळी मुले व्यवहारतः वेगवेगळ्या शाळांतच शिकत होती. म्हणून ज्या शहरात वर्णभेदाची भिंत इतकी उंच होती की पलीकडचे दिसतच नव्हते, त्या शहरातील एक मुलगी भिंतीच्या अलीकडील अंगणातच पडलेली दुसरी फट सांगत होती. तिने न पाहिलेले तिने लिहिले नाही. हा तिचा प्रामाणिकपणाही आहे आणि तिच्या साक्षीची मर्यादाही. या दोहोंपैकी एकावर पांघरूण घालून दुसऱ्याची स्तुती करणे मला पटत नाही.

आता लेखनाकडे येऊ. पहिला खर्डा चाळीस पानांचा, ओळींत जागा न सोडता टंकलेला होता. मग तिने तो पुन्हा लिहिला, पुन्हा वाढवला. पुस्तकाचा बराचसा भाग सोळाव्या वर्षी, शाळेच्या शेवटून दुसऱ्या वर्षात पुरा झाला. ते वर्ष घरातही कठीण होते. वडिलांच्या मेंदूत गाठ झाली होती, आणि ती शाळेत असतानाच ते वारले. घरात एक माणूस दिवसेंदिवस मावळत असताना एखादी मुलगी तासन्‌तास टंकलेखनयंत्रावर बोटे चालवीत बसते, तेव्हा ती कशापासून दूर जात असते आणि कशाकडे येत असते हे सांगणे अवघड आहे. परंतु कादंबरीतील तिन्ही भाऊ पोरके आहेत आणि त्या घरातली प्रत्येक खोली आईवडिलांच्या अनुपस्थितीने भरलेली आहे, एवढे वाचकाला जाणवल्याखेरीज राहत नाही. त्याच वर्षी सर्जनशील लेखन या विषयात तिला ‘डी’ श्रेणी मिळाली, कारण कादंबरीच्या नादात वर्गातील काम राहून जाई. पुस्तकाच्या शेवटी नायक पोनीबॉय आपली बुडत चाललेली इंग्रजीची श्रेणी सावरण्यासाठी शिक्षकांना द्यायचा निबंध लिहायला घेतो आणि आपण वाचले ते सर्व तोच निबंध होता असा उलगडा होतो. हा शेवट कलादृष्ट्या चतुर आहेच. पण त्यामागे परीक्षेच्या वहीत न मावलेले सांगणे कोठे तरी दाखल करून घ्या, असा एका विद्यार्थिनीचा सरळ अर्जही आहे.

हस्तलिखित न्यूयॉर्कला गेले ते एका मैत्रिणीच्या आईच्या मध्यस्थीने. ती बाई स्वतः मुलांसाठी लिहीत असे आणि तिने कर्टिस ब्राउन संस्थेतील मेरिलिन मार्लो या साहित्यप्रतिनिधीचे नाव सुचवले. व्हायकिंगचा स्वीकृतीचा करार हिंटनच्या हाती पडला तो १९६६ मध्ये, शाळेच्या पदवीदान समारंभाच्या दिवशी. प्रकाशकांनी एक सूचना केली: नाव पूर्ण न छापता ‘एस. ई. हिंटन’ असे छापावे, कारण मुलांच्या टोळ्यांविषयीचे पुस्तक मुलीने लिहिले आहे हे कळले तर समीक्षक ते उघडण्यापूर्वीच मनात निकाल देऊन बसतील. तिने ते मान्य केले. पुस्तक एका चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडून सांगितलेले असल्याने कित्येक वाचक वर्षानुवर्षे लेखकाला पुरुष समजत राहिले.

ज्या वाङ्मयात हे पुस्तक येऊन पडले ते कसे होते? मोरीन डेली हिची ‘सेव्हन्टीन्थ समर’ १९४२ ची. हेन्री ग्रेगर फेल्सन याची ‘हॉट रॉड’ १९५० ची. पहिल्या प्रीतीच्या, शर्यतीच्या मोटारींच्या, घोड्यांच्या आणि शाळेतील नाचाच्या कथा विपुल होत्या. त्यांतील काही चांगल्याही होत्या. २७ ऑगस्ट १९६७ रोजी न्यूयॉर्क टाइम्सच्या ग्रंथपुरवणीत हिंटनने एक लेख लिहून या वाङ्मयाविरुद्ध आपली तक्रार उघड मांडली. प्रौढ माणसे आपल्या आठवणीतील बालपण आमच्या माथी मारतात आणि आमचे खरे जगणे ग्रंथालयात सापडत नाही, असा त्या लेखाचा मथितार्थ होता. एकोणिसाव्या वर्षी देशातील सर्वांत वजनदार वृत्तपत्रात असे लिहिणे सोपे नव्हे.

आणि जे लिहिणारे होते ते भयाने लिहीत होते. १९५३ मध्ये सिनेटने बालगुन्हेगारीच्या चौकशीसाठी उपसमिती नेमली. पुढच्याच वर्षी चित्रकथांच्या मासिकांमुळे मुले बिघडतात काय याविषयी साक्षी झाल्या. १९५५ मध्ये ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ आणि ‘रिबेल विदाउट अ कॉज’ हे चित्रपट आले. कातडी जाकीट घातलेला मुलगा हा एक सामाजिक प्रश्न ठरला, आणि प्रश्नाला कोणी प्रश्न विचारीत नाही. बालन्यायालयांची वहिवाट तर याहून बिकट होती. शतकाच्या आरंभी ती न्यायालये मोठ्या सदिच्छेने स्थापन झाली. न्यायाधीश हा पित्यासारखा वागेल, मग मुलाला वकील कशाला, उलटतपासणी कशाला, असा त्यामागचा विचार. त्या सदिच्छेचे काय झाले हे ॲरिझोनातील ग्लोब गावच्या जेराल्ड गॉल्ट या पंधरा वर्षांच्या मुलाने अनुभवले. १९६४ च्या जूनमध्ये एका शेजारणीला फोनवर अश्लील बोलल्याच्या आरोपावरून त्याला घरून उचलून नेले, आईबाप त्या वेळी कामावर होते. फिर्यादी बाई न्यायाधीशासमोर आलीच नाही, सुनावणीची लेखी नोंद कोणी ठेवली नाही, आणि एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारशाळेत ठेवण्याचा हुकूम झाला. हाच गुन्हा सज्ञान माणसाने केला असता तर पाच ते पन्नास डॉलर दंड किंवा फार तर दोन महिने कैद, एवढीच शिक्षा कायद्यात होती. १५ मे १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती एब फोर्टास यांच्या निकालपत्राने हा हुकूम रद्द केला. मुलालाही आरोपाची पूर्वसूचना, वकील, साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचा आणि स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क आहे, असे प्रथमच ठरले.

‘द आउटसायडर्स’ प्रसिद्ध होऊन त्या दिवशी बरोबर तीन आठवडे झाले होते. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही, आणि तो जोडण्याचा मोह मी धरणार नाही. पण पोनीबॉय, सोडापॉप आणि डॅरी या कर्टिस भावांच्या घरात जी भीती सतत वावरते, म्हणजे काही चूक झाली की सरकारी माणूस येईल आणि धाकट्यांना मुलांच्या वसतिगृहात नेऊन टाकील ही भीती, ती कोणत्या पायावर उभी होती हे गॉल्टच्या खटल्याचे कागद वाचल्यावर नेमके समजते. डॅरी धाकट्या भावावर सारखा का डाफरतो, अभ्यासाला का जुंपतो, उशीर झाला की जिवाचा संताप का करतो, हे पोनीबॉयला शंभर पानांनंतर कळते. शेवटी तो न्यायाधीशापुढे उभा राहतो तेव्हा न्यायाधीश घराविषयी दोन-चार सौम्य प्रश्न विचारून त्याला भावाच्या हवाली करतो. त्या काळी तसा न्यायाधीश मिळणे हा दैवाचा भाग होता, हक्काचा नव्हता.

पुस्तकात दोष आहेत. योगायोग फार आहेत, जळत्या चर्चमधून मुलांना वाचवण्याच्या प्रसंगात नाट्य आवश्यकतेहून गडद आहे, आणि प्रत्येक ग्रीझराचे डोळे व केस यांचे वर्णन करताना लेखिकेचे सोळा वर्षांचे वय लपत नाही. पण चेरी व्हॅलन्स ही सोशांची मुलगी आणि पोनीबॉय हा ग्रीझर, दोघेही आपापल्या वस्तीतून तोच सूर्यास्त पाहतात हे त्यांना बोलता बोलता उमगते, तो प्रसंग; किंवा रॉबर्ट फ्रॉस्टची आठ ओळींची कविता लपून बसलेल्या दोन मुलांपैकी एकाला पाठ असते आणि दुसरा, ज्याला शाळेने मठ्ठ ठरवले आहे, तिचा अर्थ अधिक खोलवर जाणतो, तो प्रसंग; हे लिहिण्यासाठी वयाची परिपक्वता लागते असे म्हणणाऱ्यांनी ते पुन्हा वाचावेत. कोणाला मंद म्हणायचे याचा निर्णय शाळा करते, आणि ती तो बहुधा पोशाखावरून करते, हे कादंबरीतील माझ्या मते सर्वांत कठोर विधान आहे, आणि ते एकाही पात्राच्या तोंडी घातलेले नाही.

पुस्तकाचा प्रसार दुकानांपेक्षा वर्गांतून झाला. ११ एप्रिल १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाचा कायदा स्वाक्षरित केला होता आणि त्यात शाळांच्या ग्रंथसाहित्यासाठी दहा कोटी डॉलरांची तरतूद होती. ग्रंथपालांच्या हाती प्रथमच पैसा आला होता आणि मुलांना वाचावेसे वाटेल असे काही ते शोधीत होते. शिक्षकांना असे आढळले, की जी मुले कोणतेही पुस्तक उघडत नाहीत ती हे एक मात्र पुरे करतात. विरोधही झाला. टोळीयुद्ध, सिगारेट, मद्य आणि मोडकी घरे यांची वर्णने आहेत म्हणून काही गावांत ते ग्रंथालयातून काढावे असे अर्ज आले, आणि असे अर्ज पुढे कित्येक वर्षे येत राहिले. आजवर त्याच्या प्रती दीड कोटींच्या घरात गेल्या आहेत. स्वतः हिंटनला मात्र या यशाने काही काळ मूक केले; अवतीभवतीच्या अपेक्षांच्या दडपणाखाली तिला लिहिताच येईना, आणि रोज दोन पाने अशा बेताने तिने दुसरी कादंबरी पुरी केली ती १९७१ मध्ये आली.

मार्च १९८० मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो भागात, शेतीच्या मुलखातल्या लोन स्टार नावाच्या एका लहान शाळेतून जो एलन मिसाकियन या ग्रंथपाल बाईंनी चित्रपटदिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना एक पत्र लिहिले. सातवी-आठवीच्या मुलांच्या मते या पुस्तकाचा चित्रपट व्हावा आणि तो तुम्ही करावा, असा मजकूर. सोबत शंभराहून अधिक मुलांच्या सह्या आणि पुस्तकाची कागदी बांधणीची एक प्रत. कोपोलांची निवड मुलांनी केली ती ‘गॉडफादर’ पाहून नव्हे, तर त्यांच्या निर्मितीसंस्थेचा ‘द ब्लॅक स्टॅलियन’ हा घोड्याचा चित्रपट त्यांना आवडला होता म्हणून. पत्र चुकून न्यूयॉर्कच्या पत्त्यावर गेले, आणि तीच चूक पथ्यावर पडली; हॉलिवुडच्या कचेरीत ते ढिगाऱ्यात गडप झाले असते, येथे ते कोपोलांच्या हाती पडले. त्यांनी ते निर्माते फ्रेड रूस यांच्याकडे सोपवले. रूस यांना पुस्तकाचे मुखपृष्ठ पाहून ते वाचण्याची इच्छा होईना. काही आठवडे ते पुस्तक नुसते बॅगेतून हिंडत राहिले, आणि अखेर एका विमानप्रवासात, दहा पाने वाचून बाजूला ठेवू अशा हिशेबाने त्यांनी ते उघडले. ते शेवटच्या पानापर्यंत मिटले गेले नाही. त्या सह्यांकडे पाहावे: कोठे पेन्सिलीने, कोठे रंगीत शाईने, काही ठसठशीत, काही ओळीबाहेर गेलेल्या, त्या वयाच्या मुलांची सही हीच मुळी नवी चीज असते. दरबारात अर्ज गुदरताना जो भाव लागतो तो त्यांत पुरेपूर होता.

१९८२ च्या वसंतात टल्सातच चित्रीकरण झाले. मॅट डिलन, सी. थॉमस हॉवेल, राल्फ माचिओ, पॅट्रिक स्वेझी, रॉब लो, एमिलिओ एस्टेव्हेझ, टॉम क्रूझ, डायान लेन. यांतील बहुतेकांची नावे तेव्हा फारशी कोणाला ठाऊक नव्हती. दोन्ही पक्षांत खरे अंतर पडावे म्हणून कोपोलांनी सोशांची कामे करणाऱ्या नटांना हॉटेलात अधिक चांगल्या खोल्या आणि चामडी बांधणीच्या संहिता दिल्या, ग्रीझरांना साध्या. वर्गभेद उत्पन्न करायला इतके थोडे साहित्य पुरते. हिंटन चित्रणस्थळी रोज हजर असे. एका दृश्यात ती रुग्णालयातील परिचारिका म्हणून दिसते. २५ मार्च १९८३ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला, आणि तो मिसाकियन बाई व लोन स्टार शाळेतील विद्यार्थी यांना अर्पण केला होता.

परंतु वितरकांना लांबीची धास्ती वाटल्याने चित्रपट एक्याण्णव मिनिटांवर आणलेला होता, आणि कात्री नेमकी आरंभावर आणि भावाभावांमधील शांत प्रसंगांवर चालली होती. पुस्तक पाठ असलेल्या मुलांच्या हे ध्यानी आल्यावाचून कसे राहणार? अमुक प्रसंग कोठे गेला, तमुक का गाळला, अशी पत्रे कोपोलांना वर्षानुवर्षे येत राहिली; पुढे नातीच्या वर्गात हे पुस्तक लागले तेव्हा त्याच विचारणेला त्यांना समोरासमोर तोंड द्यावे लागले. २००५ मध्ये त्यांनी बावीस मिनिटांचे चित्रण परत घालून नवी आवृत्ती काढली. तीत आरंभीच पोनीबॉय चित्रपटगृहाच्या अंधारातून दुपारच्या उन्हात बाहेर येतो, सोबत कोणी नसल्याने एकटाच पायी घराकडे निघतो, आणि मागून एक मोटार वेग कमी करीत त्याच्या बरोबरीने चालू लागते.